नियम क्रमांक चार

आता तुम्ही चहा घेऊन बसलाच आहात म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी सहसा काढत नाही. चुका कोण करत नाही हो? कोणी चुकीच्या गाडीत बसतं, कोणी चुकीच्या लग्नात जेवून येतं. मी दोन्ही केलंय. चुकीच्या लग्नात तर आहेरही देऊन आलोय. पण ही जी चूक मी केली ना, ती नऊ कलमं लिहून, लॅमिनेट करून, हापिसातल्या पाण्याच्या फिल्टरवर चिकटवून केली. खाली सही माझी. सहीवर शिक्का.

मध्ये मध्ये हसू येईल. हसा, मी रागावणार नाही. मलाही येतं हसू, पण ते पुरतं बाहेर येत नाही.

तर अकोल्याला आमची बियाण्यांची कंपनी. कपाशी, तूर, सोयाबीन. माणसं बेचाळीस आणि त्या बेचाळीस जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. मी तिथला प्रशासन अधिकारी, देशपांडे. मोठं वाटतं ऐकायला. म्हणजे काय, तर रजा, हजेरी, पंखा कोणी चालू ठेवला आणि संडासातला साबण कुठे गेला, एवढं सगळं माझ्या अखत्यारीत. ग्रुपचा ॲडमिनही मीच.

नावाला मी. ग्रुप खरा चालवायचे ते गजानन तायडे. आम्ही सगळे त्यांना गजाभाऊ म्हणायचो. गोदाम सांभाळायचे, वय पन्नाशीचं, मूळ गाव तेल्हारा. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला गजाभाऊंचा गुलाब ग्रुपवर पडायचा. लाल, टपोरा, वर पाण्याचे थेंब आणि खाली लिहिलेलं, ‘शुभ सकाळ परिवार’. परिवार! जिथे स्टेपलरवरून भांडणं होतात त्या हापिसाला हा माणूस परिवार म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा.

गजाभाऊंचं दुसरं खातं म्हणजे माती. कोणी गेलं की त्याच्या मातीला जायचं, खांदा द्यायचा, ही आमच्या वऱ्हाडातली रीत. पण रीत पाळायला कोणीतरी उठवावं लागतं ना? ते गजाभाऊ उठवायचे. काळ्या चौकटीत फोटो, बाजूला दिवा, खाली नाव आणि ‘माती दुपारी एक वाजता’. हे ग्रुपवर टाकायचं, मग स्वतः टेबलाटेबलापाशी यायचं. “चाला सर, उठा. गाडी लावली हाये.” फाइल मिटल्याशिवाय माणूस हलायचा नाही. नवीन लागलेल्या पोराच्या आजीपासून निवृत्त झालेल्या चौकीदारापर्यंत, गजाभाऊंनी एक माती सोडलेली मला आठवत नाही.

माझे वडील गेले तेव्हा मे महिना होता. अकोल्याचा मे तुम्हाला माहीत आहे, डांबर चपलेला चिकटतं. माझे सख्खे मेहुणे पोचायच्या आधी गजाभाऊ दारात. लाकडं त्यांनी पाहिली, पाण्याचे कॅन त्यांनी आणले, आणि माझ्या मुंडण केलेल्या डोक्यावर ओला दुपट्टा टाकून दिवसभर माझ्या मागे उभे राहिले. संध्याकाळी मी त्यांचे हात धरले. म्हटलं, “गजाभाऊ, कसे फेडू तुमचे उपकार?”

“उपकार गिपकार काई नाई सर. माही माय हाये तेल्हाऱ्याले. पिकलं पान हाये. तिच्या टायमाले तुमी सगळे या. बस.”

“हे काय सांगणं झालं का? सगळ्यात पुढे मी असेन!”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, निदान तुम्ही ठेवा.

आता माझ्या डोक्यात वारं कसं शिरलं ते ऐका. मालकांचा वाढदिवस होता. ग्रुपवर एक्केचाळीस केक पडले. आणि त्या केकांच्या मधोमध आमच्या चांदूर बाजारच्या विक्री प्रतिनिधीने लिहिलं होतं, ‘गाडी थांबवा, तुरीऐवजी सोयाबीन भरलं आहे.’ त्याच्या वर एक दोन मजली केक, खाली एक बिनअंड्याचा. कोणाला दिसणार? गाडी गेली चांदूर बाजारला. तिथला दुकानदार पोती फोडून बसला आणि त्याने थेट मालकांना फोन लावला.

मालकांनी मला बोलावलं.

“देशपांडे, हा ग्रुप आहे का गणपतीचा मंडप?”

“मंडपच झालाय मालक.”

“मग विसर्जन करा!”

विसर्जन कसं करतात ते शिकायला मला अमरावतीला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांच्या वापराचं वळण लावणे. छान हॉटेल, गार हॉल, जेवणात दोन गोड पदार्थ. शिकवायला पुण्याहून एक तरतरीत गृहस्थ आले होते. ते म्हणाले, कोणताही संदेश आला की दोन प्रश्न विचारा. हा सगळ्यांना हवा का? आणि आत्ताच हवा का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल तर काढून टाका. समज लगेच द्या, आणि समजेचा मजकूर आधीच तयार ठेवा. म्हणजे भावना आड येत नाहीत.

भावना आड येत नाहीत! मी हे वाक्य वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं. प्रमाणपत्र मिळालं, पेन मिळालं. परतीच्या एसटीत बडनेरा यायच्या आत माझे नियम लिहून तयार.

खरं तर दहा होते. वाढदिवसाच्या शुभेच्छा सगळ्यांच्या वतीने एकानेच द्याव्यात, हा मालकांनी खोडला. राहिले नऊ. त्यातला चौथा असा: शुभ सकाळ, शुभ रात्री, सण, देवदेवता, श्रद्धांजली किंवा कामाशी संबंध नसलेला कोणताही संदेश टाकू नये. सहावा नियम रजेचा. रजेचं कारण ‘वैयक्तिक’ किंवा ‘वैद्यकीय’ एवढंच लिहावं, तपशील देऊ नये. कारण आमच्या लेखापालाने एकदा जुलाबाची रजा मागताना वेळा आणि रंग दोन्ही ग्रुपवर लिहिले होते, आणि ते नेमके जेवणाच्या सुट्टीत.

सभा घेतली. नियम वाचून दाखवले. गजाभाऊंनी मागून हात वर केला.

“सर, मातीचाबी मॅसेज नाई?”

“गजाभाऊ, मागच्या महिन्यात तुम्ही सात टाकले. त्यातला एक आपल्या जुन्या ड्रायव्हरच्या साडूचा मामा होता.”

सगळे हसले. गजाभाऊही हसले. मग म्हणाले, “पन मानूस तं मानूसच हाये ना सर.”

“नियम म्हणजे नियम. एकाला सूट दिली की बेचाळीस जणांना द्यावी लागेल.”

“बरं सर,” म्हणाले आणि बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाब नाही. तिसऱ्या दिवशी नाही. तीन आठवडे ग्रुप असा लख्ख, की तो उघडायचं कोणालाच काही कारण उरलं नाही. मी मात्र खुश! एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझं कोणी इतकं ऐकलंच नव्हतं हो. घरीसुद्धा नाही.

आणि मग तो दिवस आला.

सकाळी सहाला मी मैदानावर फिरायला जातो. चष्मा घरी ठेवतो, घामाने घसरतो म्हणून. चौथा फेरा चालू होता. मोबाइल वाजला. पाहतो तर ग्रुपवर गजाभाऊ! काळी चौकट, बाजूला दिवा, आत कोणीतरी म्हातारी.

झालं! म्हटलं, तीन आठवडे दम धरला आणि आज सुटलाच. असेल कोणाची तरी आजेसासू. फोटो मोठा करून पाहिला नाही. खालचं नाव वाचलं नाही. ते दोन प्रश्न? तेही विचारले नाहीत. बोट दाबून धरलं, सगळ्यांसाठी डिलीट केलं, आणि गजाभाऊंना वैयक्तिक नंबरवर तयार मजकूर पाठवला. ‘आपला संदेश कामाशी संबंधित नसल्याने काढून टाकण्यात आला आहे. नियम क्रमांक चार. ही पहिली समज समजावी.’

एक मिनिट नाही लागलं. मी चालणंसुद्धा थांबवलं नव्हतं.

हापिसात गेलो तर गजाभाऊ गैरहजर. लेखापाल म्हणाला, “सर, तायडे भाऊ नाही आले आज.” मी म्हटलं, “रुसलेत. समज दिलीय सकाळी. येतील दोन दिवसांत ठिकाणावर.” असं म्हणून मी खुर्चीत मागे रेललोसुद्धा. सकाळी ज्यांनी ग्रुप उघडला त्यांना फक्त ‘ॲडमिनने हा संदेश हटवला’ एवढंच दिसलं होतं. त्यांना वाटलं, गुलाब असेल. विचारायची हिंमत कोण करणार? फिल्टरवर माझी सही होती ना!

दुपारी डबा उघडला होता. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर. दोन वाजून दहा मिनिटांनी गजाभाऊंचा निरोप आला.

‘चुकलो सर. परत असं होणार नाही.’

काय आनंद झाला म्हणून सांगू! भाकर हातात तशीच. पहिल्या समजेतच माणूस सुधारला! आता एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. मी त्या निरोपाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘श्री. गजाननराव तायडे यांनी चूक मान्य करून सर्वांपुढे आदर्श ठेवला आहे. त्यांचे अभिनंदन.’ संध्याकाळपर्यंत एकतीस अंगठे. मालकांनी मला वेगळं लिहिलं, ‘शाब्बास देशपांडे.’

दुसऱ्या दिवशी गजाभाऊंचा निरोप. ‘सर, रजा पाहिजे.’

मी लिहिलं, ‘कारण?’

‘वैयक्तिक.’

अगदी नियम सहाप्रमाणे! मी बायकोला दाखवलं. माझी बायको मंगल, माहेर चांदूर बाजारचं, बोलणं सरळ. ती म्हणाली, “वैयक्तिक म्हणजे काय? फोन करून विचारा ना, काय झालं ते.”

“विचारायचं नसतं. तपशिलात शिरायचं नाही, असं शिकवलंय.”

“मानूस हाय का कागद तो?” ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. तेव्हा तरी फोन करायला हवा होता. नाही केला.

तिसऱ्या दिवशी तेल्हाऱ्याचे राऊत आले. तिथे त्यांचं कृषी केंद्र आहे, आमचंच बियाणं विकतात. रोखठोक माणूस. माल लिहून झाला, चहा झाला, तरी उठेनात. मग म्हणाले,

“एक विचारू का सायब? राग नका मानू.”

“विचारा की.”

“तायडेनं हापिसात काई लफडं गिफडं केलं काय?”

“छे हो! का?”

“नाई, गावात लोक बोलून रायले. त्याची माय गेली परवा. अन तुमच्या हापिसातलं एकबी मानूस मातीले नाई आलं. जो दुसऱ्याच्या मातीसाठी अर्ध्या जेवनातून उठते, त्याच्या मायच्या मातीले कोनीच नाई? म्हनून म्हटलं, काई केलं असीन बा.”

मी म्हटलं, “कोण गेलं?”

“माय. त्याची माय! तुमाले मालूम नाई?”

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी मोठ्याने सांगितलं. सगळ्या हापिसाने ऐकलं.

“एकची येळ होती मातीची. तर हा उचलूच देईना. म्हने, हापिसचे लोक येऊन रायले, गाडी करून येतीन, थांबा जरासे. रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहे, परत ये. पावने वरडून रायले, ऊन वाढून रायलं. दोनच्या पुढं त्यानं मोबाइल काढला खिशातून. पायलं. काईतरी लिवलं त्यात. मंग म्हने, उचला आता, कोनी नाई येऊन रायलं.”

मी माझा मोबाइल काढला. गजाभाऊंचा निरोप वर सरकवत सरकवत शोधला. दोन वाजून दहा मिनिटं.

आई तिरडीवर बांधलेली, आणि हा माणूस मला लिहितोय, चुकलो सर, परत असं होणार नाही.

अहो, परत कसं होणार होतं? आई एकच असते ना माणसाला! आणि मी त्यावर अभिनंदन लिहिलं. मातीवरून आल्यावर आंघोळ करून त्याने मोबाइल हातात घेतला असेल, तर त्यात काय दिसलं असेल? एकतीस अंगठे.

मला रडू आलं, तिथेच, राऊतांसमोर. ते बिचारे घाबरले. “सायब, पानी प्या,” म्हणाले आणि पाणी आणायला फिल्टरपाशी गेले. तिथे नियम चिकटवलेलेच होते. वाचत उभे राहिले. परत येऊन ग्लास माझ्यापुढे ठेवला.

हापिस उठलं. कोणाला उठवावं लागलं नाही. दोन गाड्या केल्या, निघालो. वाटेत मंगलला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं अन मी ग्रुपवर टाकलं, तर मलेही पहिली समज येईन का हो?”

गाडीभर ऐकू गेलं होतं.

मी वाटेत वाक्यं जुळवत होतो. पाय धरीन म्हटलं. चारचौघांत सांगीन की चूक माझी आहे, गजाभाऊंची नाही. गावाला कळू दे. माणसाची अब्रू गेलीय माझ्यापायी, ती मीच परत करायला हवी.

मांडवात चाळीसेक माणसं बसली होती. गजाभाऊंचं मुंडण केलेलं, अंगावर पांढरा पंचा. माझ्यावर नजर जाताच ते ताडकन उठले, धावत आले आणि माझा दंड धरला.

“या सर, या. कावून आले एवढ्या लांब? तब्येत अशी असून!”

मी म्हटलं, “कोणाची तब्येत?”

त्यांनी दंड जरा दाबला. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. त्यांची मावशी.

“हेच काय रे ते सायब? सुट्टी झाली काय दवाखान्यातून?”

“हो मावशी,” गजाभाऊ म्हणाले, “आजच झाली.”

मला काही कळेना. मावशी मात्र सुरू झाली. “बसवा त्यायले. खुर्ची आना रे! गादी टाका तिच्यावर.” मांडवात एकच खुर्ची होती, तीवर कोणीतरी गावचे पुढारी बसले होते. त्यांना उठवलं. मला बसवलं. पाठीला उशी दिली. कोणी पंखा फिरवला माझ्याकडे. सुतकाच्या घरात मी एकटा गादीवर आणि ज्याची आई गेली तो माझ्या पायाशी जमिनीवर!

“कुठं दुखे सायब?” मावशीने विचारलं.

मी गजाभाऊंकडे पाहिलं. ते खाली पाहत होते.

“छातीत,” मी म्हटलं. तोपर्यंत ते खोटंही राहिलं नव्हतं.

“डाक्टर काय म्हने?”

“आराम करा म्हणाला.”

“अन तुमी गाडीत बसून आले! अवं, ओव्याचं पानी आना वं सायबासाठी. कोमट आना.” मग तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. खरखरीत हात. “आमच्या गजाननानं सांगतलं ना आमाले. बहीन माही तिरडीवर, अन आमी म्हनून रायलो, कुठं हायेत तुह्ये हापिसवाले? तं त्यानं मोबाइल पायला अन आमा घरच्यायलेच बाजूले घेऊन म्हने, मावशी, आमचे सायब लय सिरियस हायेत. सगळं हापिस दवाखान्यात बसून हाये. थे नाई येऊ शकत, उचला आता. म्हने, माय तं गेलीच, आता सायब वाचले पायजे.”

ऐकताय ना? आईला खांदा द्यायच्या आधी या माणसाने माझ्यासाठी खोटं रचलं होतं. मावशी सांगत होती की मातीवरून आल्यावर बायांनी माझ्या नावाने देवापुढे दिवाही लावला. आमचा लेखापाल मागे बसला होता. तो माझ्या कानाशी येऊन हळूच विचारतो, “सर, तुम्हाला झालंय तरी काय?”

आता सांगा, काय बोलणार होतो मी तिथे? गाडीत जुळवलेलं एक वाक्य कामाचं राहिलं नाही. खरं सांगावं तर गजाभाऊ सगळ्या गावासमोर खोटे पडतात. न सांगावं तर मी गादीवर बसून ओव्याचं पाणी पितोय. मी प्यायलो. तीन ग्लास पाजलं म्हातारीने.

राऊत आमच्या मागोमाग आपल्या मोटरसायकलवर आले होते. ते मांडवाच्या खांबाला टेकून माझ्याकडे एकटक पाहत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. तेही गप्प राहिले. गजाभाऊंसाठी राहिले, माझ्यासाठी नाही.

निघताना गजाभाऊ मला गाडीपर्यंत सोडायला आले. कोपर धरलेलंच होतं.

मी म्हटलं, “गजाभाऊ, मी फोटो पाहिलाच नाही हो. मी…”

“हळू सर, पायरी हाये.”

“अहो, पायरी दिसतेय मला. माझं ऐका…”

“हळू चाला ना सर. लोक पाहून रायले.”

मग काय, मी हळू चाललो. आजारी माणूस चालतो तसा, पाय घासत, त्यांच्या खांद्यावर भार टाकून. सगळ्यात पुढे मी असेन म्हणालो होतो ना? होतोच पुढे. मागून मांडवभर माणसं मला जपून नेताना पाहत होती.

परत आल्यावर पहिल्यांदा फिल्टरवरचा कागद काढला. फाडायला गेलो तर फाटेना. लॅमिनेट केलेलं फाटत नाही, हे तेव्हा कळलं. कात्रीने चार तुकडे करून फेकून दिला. मालकांना जाऊन सगळं सांगितलं. ते डोकं धरून बसले. म्हणाले, “मी शाब्बास लिहिलं हो त्यावर.” ग्रुपवर जाहीर केलं, नऊच्या नऊ नियम रद्द, ज्याला जे टाकायचं ते टाका.

कोणी काही टाकलं नाही.

चौदाव्या दिवशी गजाभाऊ कामावर आले. तसेच. नमस्कार तसाच, गोदामातली शिस्त तशीच. लेखापालाचे सासरे गेले तेव्हा टेबलाटेबलापाशी येऊन “चाला, उठा” तसंच. फक्त ग्रुपवर काही नाही. मी दोनदा म्हटलं, “गजाभाऊ, गुलाब टाका ना सकाळचा.” ते म्हणायचे, “टाकतो ना सर,” आणि हसायचे. महिना गेला. सहा वाजले की मी मैदानावर मोबाइल काढून पाहायचो. हल्ली चष्मा लावून जातो.

आणि मोबाइलात तर गजाभाऊंचे जुने गुलाब शेकड्याने पडलेले होते, आपोआप साठलेले. एके दिवशी सहाच्या ठोक्याला मी त्यातलाच एक घेतला. लाल, टपोरा. खाली माझ्या हाताने लिहिलं, ‘शुभ सकाळ परिवार’. आयुष्यात पहिल्यांदा. ग्रुपवर टाकला आणि मैदानात मधोमध उभा राहिलो. कोणीतरी उत्तर देईल. एक अंगठा तरी!

दहा मिनिटांनी मोबाइल वाजला. ग्रुपवर नव्हे. गजाभाऊ, माझ्या वैयक्तिक नंबरवर.

‘सर, चुकून तुमचा गुलाब हापिसच्या ग्रुपवर पडला वाटते. मालक पायतीन त्याच्या आत काढून टाका. मी कोनाले सांगत नाई.’

तीनदा वाचलं. मग तेल्हाऱ्याच्या मांडवात जे तोंडातून निघालं नव्हतं ते लिहिलं. दुसरे शब्द सुचलेच नाहीत, त्यांचेच वापरले.

‘चुकलो गजाभाऊ. परत असं होणार नाही.’

लगेच उत्तर आलं.

‘जाऊ द्या सर. नवीन नवीन होते असं. गुलाबच तं होता.’